स्वस्त बटण, महाग रांग

विकास सोसायटीत टेबल एक, खुर्ची एक, सचिव एक, आणि संगणक दोन. एकात जुनी कर्जखाती, दुसऱ्यात केंद्राच्या योजनेतून आलेली नवी प्रणाली. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात असं टेबल शोधायला लांब जावं लागत नाही. मांडवगण फराट्यासारख्या मोठ्या गावात सोसायटी घ्या, ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र घ्या, की पेठेतलं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान घ्या. जुनं यंत्र टाकवत नाही, नवं येऊन पडलेलं असतं आणि टेबलाची लांबी काही वाढत नाही. मग कोणीतरी सुचवतं, एक स्विच आणा, म्हणजे एकाच मॉनिटरवर आणि एकाच कीबोर्डवर दोन्ही चालतील.

सूचना बरोबर आहे. चुकते ती खरेदी.

आणि त्या चुकीची किंमत खरेदी करणारा देत नाही, रांगेत उभा असलेला देतो. ऊस तोडायचा सोडून सातबाऱ्यासाठी आलेला, पीक विम्याची पावती मागायला आलेला, अनुदानाच्या केवायसीसाठी सासूला दुचाकीवर बसवून घेऊन आलेली सून. या भागात बिबट्याच्या धास्तीनं दिवस मावळायच्या आत वस्ती गाठायची असते. ‘जरा थांबा, स्क्रीन गेलीय’ हे वाक्य अशा माणसाला सारखं सारखं ऐकवायचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून एका बटणाच्या डबीवर आज सगळं सदर खर्च करतो.

या डबीला केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ, माउस. हे नाव १९९५ मध्ये रेमिजियस शाटस यांनी दिलं. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल इथल्या सायबेक्स कंपनीचे ते संस्थापक. वस्तू सर्व्हर ठेवायच्या खोल्यांसाठी घडली. तिथे कपाटभर यंत्रं आपापली चालू असतात आणि एखादा माणूस अधूनमधून येऊन एकेकात डोकावतो. आपल्या गावातलं टेबल तसं नाही. इथे एका शेतकऱ्याचं काम पुरं होईतो दहा वेळा इकडून तिकडे जावं लागतं. जुन्या खात्यातला आकडा बघायचा, नव्यात भरायचा, परत जुन्यात पडताळायचा. सर्व्हरच्या खोलीत जो दोष महिन्यातून एकदा दिसेल, तो इथे तासाभरात पाचदा छळतो. सगळ्यात साधी डबी इथेच सगळ्यात लवकर उघडी पडते.

तेव्हा पहिला प्रश्न डबी कोणती हा नाही. डबी हवी का, हा आहे.

दोन माणसं बसणार असतील तर नको. सेवा केंद्रात चालक आणि मदतीला घरचं कोणी असेल, तर दुसरा मॉनिटर घ्या, दुसरा कीबोर्ड घ्या आणि दोन रांगा लावा. चांगल्या स्विचच्या पैशात जुन्या बाजारातला नीट चालणारा मॉनिटर येतो. माणसं दोन आणि पडदा एक ठेवणं ही काटकसर नाही, अडवणूक आहे.

माणूस एकच असेल, तरी आधी मॉनिटरची मागची बाजू बघा. बऱ्याच साध्या मॉनिटरना दोन तोंडं असतात: निळ्या पिनचं जुनं व्हीजीए आणि चपटं एचडीएमआय. जुना संगणक व्हीजीएला लावा, नवा एचडीएमआयला, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या बटणानं इकडचा-तिकडचा पडदा घ्या. मग फक्त कीबोर्ड आणि माउससाठी छोटा यूएसबी स्विच लागतो. तो खूप स्वस्त मिळतो. दोन बटणं दाबावी लागतात, एवढाच त्रास. फायदा मोठा आहे: दोन्ही संगणकांना मॉनिटर कायम जोडलेलाच राहतो. दुकानदार हे सुचवत नाही, कारण यात त्याची मोठी डबी विकली जात नाही. मी मात्र प्रत्येकाला आधी हेच करून बघायला सांगेन.

सॉफ्टवेअरचा मार्गही आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ फुकट मिळतं, एका कीबोर्ड-माउसवर चार संगणकांपर्यंत चालतं. पण त्याला प्रत्येक संगणकाचा स्वतःचा पडदा लागतो आणि दोन्ही संगणक एकमेकांशी नेटवर्कनं जोडलेले लागतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला दुसरा पडदा नको, पण ज्या संगणकात शिरायचं त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होम आवृत्तीत ती सोय नाही. शिवाय संगणक हँग झाला की दोन्ही मार्ग बंद, आणि जुना संगणक तर हँग होतोच. घरी लॅपटॉप आणि संगणक शेजारी ठेवून काम करणाऱ्याला हे छान. सोसायटीच्या टेबलावर नको.

आता ज्यांना खरोखर स्विचच हवा, त्यांच्याकडे वळतो.

स्विचमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. बटण दाबल्यावर ज्या संगणकाकडून पडदा काढून घेतला, त्याला काय वाटतं? साध्या डबीत त्याला वाटतं, मॉनिटर कोणीतरी उपसून नेला. मॉनिटरमध्ये त्याची ओळख लिहिलेली असते: मी अमुक, माझा आकार अमुक, मला इतके ठिपके दाखवता येतात. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात, त्याचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो. ते वाचूनच संगणक चित्र पाठवतो. ओळखपत्र गायब झालं की विंडोज उघड्या खिडक्या इकडेतिकडे हलवतं, अक्षरं कधी अचानक मोठी होतात, परत आल्यावर पडदा काही क्षण काळा राहतो आणि मग ‘नो सिग्नल’चा फलक फिरू लागतो. दारं धरणारा माणूस एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवतो तेव्हा पहिला वाफा तोडला जातो, तसा साधा स्विच पहिल्या संगणकाला तोडतो. चांगल्या स्विचमध्ये मॉनिटरच्या ओळखपत्राची नक्कल साठवलेली असते आणि ती तो दोन्ही संगणकांना सतत दाखवत राहतो. पडदा समोर नसला, तरी संगणकाला तो जोडलेलाच वाटतो. खरेदी करताना विचारायचा शब्द: ईडीआयडी इम्युलेशन. दुकानदाराला तो शब्द माहीत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

कीबोर्डचंही तेच. साधा स्विच दर वेळी कीबोर्ड एका संगणकातून काढून दुसऱ्यात लावल्यासारखं करतो. प्रत्येक वेळी ते टिंग-टुंग वाजतं, ते याचमुळे. दिवसभर ऐकून चालकाचं डोकं उठतंच, पण खरं नुकसान वीज गेल्यावर होतं. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, लाइट आली, दोन्ही संगणक एकदम उठले. कीबोर्ड एकालाच मिळाला. दुसरा जुना असेल तर उठता उठता थांबतो: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-१ दाबा. कीबोर्ड सापडत नाही म्हणून कीबोर्डवरची कळ दाबा! तो तसाच अडून राहतो आणि चालकाला वाटतं संगणक बिघडला. मग शिरूरहून किंवा दौंडहून माणूस बोलवा, तो येईल तेव्हा येईल. ज्या स्विचमध्ये कीबोर्ड-माउसचंही इम्युलेशन असतं, त्यात हे होत नाही. रोज लाइट जाते त्या गावात ही गोष्ट चैनीची नाही, पहिल्या गरजेची आहे.

याच ठिकाणी एक उलटा फटका बसतो, तो आधीच सांगून ठेवतो. इम्युलेशन असलेल्या स्विचवर कीबोर्ड आणि माउससाठी ठरावीक तोंडं असतात. तिथे फक्त कीबोर्ड आणि माउसच चालतो. वायरलेस कीबोर्ड-माउसचा एकच छोटा रिसीव्हर तिथे लावला तर काही वेळा ओळखला जात नाही. अंगठ्याचं मशीन लावलं तर मुळीच नाही. त्यासाठी स्विचवर वेगळी यूएसबी तोंडं असतात. लोक ते बघत नाहीत आणि चांगली डबी ‘खराब निघाली’ म्हणून परत करतात.

आता मराठीचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे.

बरेच स्विच कीबोर्डवरूनच बदलता येतात: स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं, मग एक किंवा दोन आकडा. काहींत कंट्रोल दोनदा. डबीकडे हात न नेता काम होतं, म्हणून ही सोय सगळे कौतुकानं दाखवतात. पण आपल्याकडच्या कचेऱ्यांत मराठी टायपिंगसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या सी-डॅकच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये मराठी-इंग्रजी बदलायची कळही याच घराण्यातली ठेवता येते: कॅप्स लॉक, नम लॉक किंवा स्क्रोल लॉक. ज्यानं ती स्क्रोल लॉकवर ठेवली आहे, त्याचं काय होणार ते उघड आहे. मराठीवर यायला कळ दाबली, हात घाईत दोनदा पडला, स्विच सावध झाला, पुढचा आकडा टाकला आणि पडदाच बदलला. अर्जातला गट नंबर दुसऱ्याच संगणकात गेला. हा दोष ना स्विचचा, ना आयएसएमचा. ज्यानं दोन्ही एका टेबलावर आणले, त्यानं कळ बदलून घ्यायची असते. चांगल्या स्विचमध्ये ती कळ, म्हणजे हॉटकी, बदलता येते. बदलता येत नसेल तर तो स्विच मराठी कचेरीत घेऊ नये. शिवाय अलीकडच्या छोट्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक नसतंच. कीबोर्ड कोणता आहे ते बघूनच स्विच निवडायचा.

दुसरी गोष्ट याहून साधी, पण रोजची. मराठीचा लेआउट कीबोर्डमध्ये नसतो, संगणकात असतो. एकावर इनस्क्रिप्ट, दुसऱ्यावर जुन्या टंकलेखन यंत्राच्या धर्तीची कळरचना, असं चित्र अनेक कचेऱ्यांत आहे. इनस्क्रिप्टची रचना १९९१ च्या भारतीय मानकात आहे. तरी अजूनही दोन टेबलांवर दोन पद्धती चालतात. दोन्ही संगणक दोन माणसांकडे होते तोवर ते खपून गेलं. आता तीच बोटं, तोच कीबोर्ड, आणि बटण दाबलं की कळांचा अर्थ बदलतो. ‘फराटे’ लिहायला जावं आणि भलतंच उमटावं. नावातलं एक अक्षर चुकलं की आधारशी जुळत नाही, जुळलं नाही की पैसे अडकतात, आणि दुरुस्तीचा हेलपाटा शेतकऱ्याच्या कपाळी. तेव्हा स्विच बसवण्याच्या दिवशीच दोन्ही संगणकांवर एकच लेआउट ठेवा, युनिकोड ठेवा, आणि मराठी-इंग्रजी बदलायची कळही दोन्हीकडे एकच ठेवा. याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

आणखी एक फुकटातलं काम: दोन्ही संगणकांच्या पडद्याला वेगळा रंग द्या. एक हिरवा, एक गडद निळा. दोन्हीकडे तेच विंडोजचं चित्र, तेच ब्राउझर, तेच सरकारी संकेतस्थळ असलं की आपण कुठे आहोत हे कळत नाही. चुकीच्या संगणकात पासवर्ड टाइप होणं हा या यंत्राचा खरा धोका आहे. त्यातही डिजिटल सहीचं टोकन असेल तर जास्तच. ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे पदाधिकारी यांच्या नावाची सही त्या बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते, आणि पिन काही वेळा चुकला की ते बंद पडतं. मग ते सुरू होईपर्यंत गावाची कामं थांबतात.

म्हणून माझा आग्रह: डिजिटल सहीचं डोंगल स्विचला लावूच नये. ज्या संगणकावर सही होते त्यालाच थेट लावावं. काम झालं की काढून ज्याचं त्यानं जवळ ठेवावं. सही करता करता बटण दाबलं गेलं तर टोकन मध्येच उपसल्यासारखं होतं. आणि दोन्ही संगणकांना फिरत राहणारं टोकन म्हणजे कुणाच्या नजरेखाली नसलेलं टोकन. सरपंचांनी आणि चेअरमननी इथे स्वतः लक्ष घालायला हवं. सही त्यांची आहे.

अंगठ्याच्या मशीनचंही तसंच. त्याला प्रत्येक संगणकावर आरडी सर्व्हिस नावाची सेवा चालू लागते. मशीन ओळखून तयार व्हायला ती वेळ घेते. स्विच फिरवला की मशीन तुटतं, परत जोडलं की पुन्हा तयारी. समोर ऐंशी वर्षांची आजी, ऊस खुरपून बोटांच्या रेघा झिजलेली बाई, आधीच ठसा उमटता उमटत नाही, आणि उमटायच्या बेताला मशीनचा दिवा विझतो. हे मला बघवत नाही. मशीन एका संगणकाला कायमचं लावा. दोन्हीवर लागत असेल, तर यूएसबी उपकरणं पडद्यापासून स्वतंत्र फिरवता येणारा स्विच घ्या: पडदा दुसरीकडे गेला तरी मशीन पहिल्याला चिकटून राहतं. अशा स्विचला पैसे जास्त पडतात आणि ते योग्य आहेत.

प्रिंटर मात्र खुशाल स्विचवर ठेवा, फक्त छपाई चालू असताना बटण दाबू नका.

विजेकडे येतो. शहरातल्या माणसाच्या सल्ल्यात हा भाग नसतो, आणि आपल्याकडे यंत्रं जळतात ती इथेच. जुना संगणक भिंतीतल्या बोर्डवर, नवा यूपीएसवर, मॉनिटर तिसऱ्याच पिनमध्ये, अशी जोडणी सर्रास दिसते. आर्थिंग नीट नसेल, तर संगणकाच्या पत्र्यावर जवळपास निम्मा दाब येऊन बसतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. प्रवाह बारीक असतो, माणसाला सहसा इजा होत नाही. पण दोन संगणक स्विचनं जोडले की त्यांचे पत्रे केबलच्या आवरणातून एकमेकांना जोडले जातात. एकाचं आर्थिंग चांगलं, दुसऱ्याचं नाही, की प्रवाह केबलमधून वाट काढतो. एचडीएमआयची पिन लावताना बारीक ठिणगी दिसली तर समजा, याच वाटेनं एक दिवस मॉनिटरचं किंवा मदरबोर्डचं तोंड जाणार आहे. दोन्ही संगणक, मॉनिटर आणि स्विच एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीवर घ्या. यूपीएसची ताकद तेवढी आहे ना ते आधी बघा. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करू नका. केबल जोडताना सगळं बंद ठेवा. आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळते तेव्हा आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका. मीठ-कोळसा टाकून बुजवलेला तो खड्डा कुठे आहे हे कचेरीत एकाला तरी माहीत असलं पाहिजे.

काही हलके स्विच वीज संगणकाच्या यूएसबीतूनच ओढतात. यूएसबी २.० चं तोंड साधारण ५०० मिलिअँपिअरच देतं. त्यावर अंगठ्याचं मशीन, वेबकॅम लादलं की ते दम तोडतं. वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेला स्विच घ्या. फालतू बनावटीच्या डब्यांत तर एका संगणकाची वीज स्विचमधून बंद असलेल्या दुसऱ्याकडे उलटी जाते. बंद संगणकाचा दिवा मिणमिणत राहतो आणि तो चालू करायला गेलं की नखरे करतो. असं दिसलं तर डबी त्याच दिवशी परत द्या.

केबल आणि पिनांचं थोडक्यात. सोसायटीच्या साध्या फुल एचडी मॉनिटरला एचडीएमआय १.४ चा स्विच भरपूर झाला. ४के ६० हर्ट्झचे आकडे दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ते चित्रफिती जुळवणाऱ्यांना लागतं, आणि त्यांनी एचडीएमआय २.० घ्यावं. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागतो, आणि इथे हमखास गफलत होते: व्हीजीएतून एचडीएमआयकडे जाणारा वेगळा, एचडीएमआयमधून व्हीजीएकडे जाणारा वेगळा. दिसायला भावंडं, उलटा लावला तर काहीच दिसत नाही. संगणक व्हीजीए आणि स्विच एचडीएमआय असेल, तर पहिला हवा. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन आणणार असाल तर दोन्ही संगणकांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. तोंडी वर्णनावर कोणी काही देऊ नये आणि घेऊ नये. गोल पिनचा जुना कीबोर्ड असेल तर तो सोडा, यूएसबीचा घ्या.

इंटरनेटवरून लांबून चालवता येणारेही स्विच मिळतात. गावच्या कचेरीत ते आणू नयेत. ज्यातून संगणक बंद-चालू करण्यापासून पासवर्ड टाकण्यापर्यंत सगळं होतं, ते तोंड स्वस्त राउटरवर उघडं ठेवण्याचं काही कारण नाही. आणि जिल्हा बँकेच्या प्रणालीला जोडलेला संगणक असेल तर कोणताही स्विच लावण्याआधी बँकेला लेखी विचारा. बँकेचं यंत्र आणि नेटवर फिरणारं यंत्र एका डबीत बांधणं हा सचिवानं एकट्यानं घ्यायचा निर्णय नाही.

आता खरेदीच्या कागदाकडे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रानं २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली: ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. सोसायटीचा हिशेब वहीतून बाहेर यावा, सभासदाला आपलं कर्ज किती, व्याज किती हे कुणाच्या तोंडाकडे न बघता कळावं, यासाठी ती हवीच होती. गावपातळीवर २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रापासून संगणक येत राहिले, तेही चांगलंच झालं. पण मोठ्या खरेदीवर दिल्ली-मुंबईत बैठका होतात, आणि टेबलावरच्या शेवटच्या दोन हातांच्या खरेदीकडे कोणी बघत नाही. ती स्टेशनरीच्या खर्चात जाते. तीन दरपत्रकं येतात, त्यांवर एकच ओळ असते: ‘केव्हीएम स्विच, दोन पोर्ट, नग एक.’ त्या ओळीत वर सांगितलेलं काहीच नाही. मग सगळ्यात कमी दराचा येतो आणि लेखापरीक्षणात कुणालाच आक्षेप घेता येत नाही. नियम पाळला गेला, काम बसलं.

ओळच बदला. ‘दोन पोर्टचा एचडीएमआय स्विच, ईडीआयडी आणि कीबोर्ड-माउस इम्युलेशनसह, वेगळा अ‍ॅडॉप्टर, स्वतंत्र फिरणारी यूएसबी तोंडं, बदलता येणारी हॉटकी, दोन्ही केबल संचासह, किमान एक वर्षाची हमी, जागेवर चालवून दाखवल्यावर पैसे.’ एवढं लिहिलं की तिन्ही दरपत्रकं एकाच मालाची येतात आणि त्यातला कमी दर बिनधास्त घेता येतो. कमी दराचा नियम वाईट नाही. काय हवं ते न लिहिता तो लावणं वाईट आहे. आणि ही ओळ लिहिताना चालकाला समोर बसवा. ज्याला ते बटण दिवसभर दाबायचं आहे, त्याला खरेदीच्या दिवशी कोणी विचारत नाही, हे मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खटकतं. कंत्राटी आहे, मानधनावर आहे, म्हणून त्याचं मत घ्यायचं नाही, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

माल आला की सही करण्याआधी त्याच टेबलावर चालवून बघा. जुन्या संगणकावर दोन-तीन खिडक्या उघडा, बटण दाबून नव्यावर जा, परत या. खिडक्या होत्या तिथेच हव्यात, अक्षरं तेवढीच हवीत. पडदा एकावर ठेवून दुसरा बंद-चालू करा; तो कुणी न विचारता पूर्ण उठला पाहिजे. दोन्हीकडे एक मराठी वाक्य टाइप करा, मधे भाषेची कळ मुद्दाम दोनदा दाबून बघा. अंगठ्याच्या मशीनवर स्वतःचा अंगठा ठेवा आणि त्याच वेळी दुसऱ्याला पडदा फिरवायला सांगा. शेवटी यूपीएसची पिन उपसा, सगळं बंद पडू द्या, पाच मिनिटांनी परत लावा, आणि दोन्ही संगणक आपोआप जागेवर आले तरच बिलावर सही करा.